पकडलेला वायू जातो कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कार्बन पकडून जमिनीत गाडण्याच्या बातम्यांचे गेली काही वर्षे पेव फुटले आहे. हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. बाकीच्या महाराष्ट्राला पेव फक्त फुटण्यापुरते ठाऊक असते. आम्हा हरिपूर-सांगलीच्या लोकांना ते हळदीचे जमिनीखालचे कोठार म्हणून ठाऊक आहे. कृष्णाकाठच्या घट्ट मातीत दोन-तीन पुरुष खोल खणलेला, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतका अरुंद आणि पोटात ऐसपैस असा तो खड्डा असे. त्यात हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपून टाकायचे, म्हणजे माल कीड न लागता वर्षानुवर्षे राहत असे. पेव उघडायच्या दिवशी मात्र घाई चालत नसे. फरशी काढून ते बराच वेळ तसेच उघडे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, आणि कंदील विझला तर आणखी थांबायचे. आतल्या मालाच्या श्वसनाने ऑक्सिजन संपून तळाशी कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपला कर्बवायू, साचलेला असतो, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकल्यावर कळले. हमालांना ते न शिकताच ठाऊक होते. २००५ च्या महापुरात यांतल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि कितीतरी कायमची निकामी झाली.

जमिनीखाली काही ठेवायचे तर माती कोणती आहे, तोंड कसे बंद केले आहे, पाणी शिरेल का आणि पुढची पन्नास वर्षे त्याच्याकडे लक्ष कोण ठेवणार, हे प्रश्न हळदीच्या पेवालाही चुकले नव्हते. कर्बवायूच्या पेवाला ते कसे चुकतील? तरीही वर्तमानपत्रांतून (त्यांत आपले दैनिकही आले) या विषयावर जे छापून येते ते बहुधा ‘अमुक टन कार्बन पकडला’ इथेच संपते. पकडल्यावर त्याचे काय झाले, हे पुढच्या ओळीत नसते. एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ याच वायूच्या संगतीत काढल्यामुळे मला ही अर्धी बातमी खटकते, आणि म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

पकडणे आणि साठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्याकडे पकडण्याचे काम नवे नाही. खत कारखान्यांत अमोनिया तयार करताना निघणारा कर्बवायू वेगळा काढून त्याच अमोनियाशी त्याचा संयोग घडवतात आणि युरिया बनवतात. हे कित्येक दशके चालू आहे. युरियाच्या ६० किलोंमागे ४४ किलो कर्बवायू लागतो, म्हणजे आपल्या सोसायटीत मिळणाऱ्या ४५ किलोंच्या एका गोणीत ३३ किलो कर्बवायू बांधलेला असतो. ती गोणी उसाच्या सरीत पडली, पाणी मिळाले, की जमिनीतल्या जिवाणूंच्या विकरामुळे युरियाचे विघटन होऊन तो वायू काही दिवसांतच पुन्हा हवेत जातो. तमिळनाडूतील तुतिकोरीनच्या अल्कली कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरच्या धुरातला वायू पकडून सोडा ॲश बनवतात. क्षमता वर्षाला ६० हजार टनांची. अभियांत्रिकी म्हणून काम उत्तम आहे, पण त्या सोडा ॲशची काच करताना भट्टीत तोच वायू सुटतो. आपल्याकडच्या काही डिस्टिलऱ्याही फर्मेंटरमधला, म्हणजे मळी आंबवण्याच्या टाकीतला, वायू शुद्ध करून टँकरने विकतात. तो शीतपेयांत, सोड्याच्या बाटलीत, सुक्या बर्फात किंवा एमआयडीसीतल्या वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये जातो. सोड्याची बाटली उघडल्यावर येणारा फस्स आवाज हा पकडलेल्या कार्बनच्या सुटकेचाच आवाज असतो. यात गैर काही नाही, आणि दुसरीकडे मुद्दाम वायू तयार करण्याचा खर्च त्यामुळे वाचतो हेही खरे; पण याला हवामानबदलावरचा उपाय म्हणून जमेच्या बाजूला मांडणे म्हणजे उसनवारीला बचत म्हणण्यासारखे आहे.

जगभर जे प्रकल्प चालू आहेत त्यांचीही बरीचशी कथा अशीच आहे. त्यांची एकत्रित क्षमता वर्षाला सुमारे ५ कोटी टनांची, तर ऊर्जेसाठी इंधने जाळून जगात सुटणारा कर्बवायू वर्षाला ३७०० कोटी टनांहून अधिक. त्या ५ कोटींतलाही मोठा भाग जुन्या तेलविहिरींत दाबून उरलेले तेल वर काढण्यासाठी वापरला जातो. वायू खाली राहतो हे मान्य, पण त्याच्या बदल्यात वर आलेले तेल कोणी पिंपात भरून देव्हाऱ्यात ठेवत नाही.

निव्वळ साठवणुकीसाठी साठवणूक केल्याचे सर्वांत जुने मोठे उदाहरण नॉर्वेचे आहे. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर वायूक्षेत्रात निघणाऱ्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कर्बवायू असतो. तो वेगळा करून १९९६ पासून समुद्रतळाखाली सुमारे एक किलोमीटरवर असलेल्या वालुकाश्माच्या थरात, सुरुवातीची कित्येक वर्षे तर वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास, सोडला जात आहे. हे त्यांना सुचले ते निव्वळ सद्बुद्धीने नव्हे. नॉर्वेने १९९१ मध्येच कार्बनवर कर लावला होता आणि वायू हवेत सोडण्यापेक्षा गाडणे स्वस्त पडत होते. हा तपशील आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही.

आता कोळशाच्या वीजकेंद्रांकडे येतो, कारण आपल्याकडे या तंत्रज्ञानाचे नाव निघते ते मुख्यतः त्यांच्यासाठी. देशातली सुमारे ७० टक्के वीज आजही कोळशावर होते आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन आपण २०२१ मध्ये ग्लासगोला देऊन आलो आहोत. या दोहोंचा मेळ घालायला धुराड्यावर एक यंत्र बसवले की झाले, असा समज करून घेणे सोपे आहे. नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन पकडण्याचे लक्ष्य सुचवलेले आहे. त्याच वर्षी विंध्याचलच्या औष्णिक केंद्रात जे पकडण्याचे संयंत्र सुरू झाले त्याची क्षमता दिवसाला २० टनांची आहे, आणि त्या वायूपासून मिथेनॉल बनवायचे आहे. ५०० मेगावॅटचा एकच संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर १० हजार टनांहून अधिक कर्बवायू सोडतो. वीस टनांचे संयंत्र शिकण्यासाठी जरूर असावे, पण ते शिकवणीचे आहे हे बातमीत लिहायला हवे.

अडचण केवळ आकाराची नाही. कोळशाच्या धुरात कर्बवायू १२ ते १४ टक्केच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो वेगळा काढण्यासाठी धूर एका उंच मनोऱ्यात खालून वर सोडतात आणि वरून अमाइन नावाच्या रसायनाचे द्रावण शिंपडतात. अमाइन कर्बवायू धरून ठेवते, मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन १२० अंशांच्या आसपास तापवले की वायू सोडते आणि पुन्हा कामाला येते. तापवायला वाफ लागते, ती टर्बाइनकडे जाणारीच वाफ असते. त्यातच वायू दाबण्याची वीज धरली तर केंद्राच्या उत्पादनातला पाचवा ते चौथा हिस्सा या कामातच खर्ची पडतो. पाच संच उभारायचे, पाच संचांचा कोळसा जाळायचा आणि वीज चार संचांचीच घ्यायची, असा हा व्यवहार आहे. शिवाय अमाइनला गंधकाचा धूर आणि राख सोसत नाही. कॅनडातल्या बाउंडरी डॅम येथील कोळशाच्या केंद्राला, जिथे २०१४ मध्ये हे तंत्र पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बसवले गेले, याच गोष्टींनी सतावले आणि वर्षाला दहा लाख टनांचे ठरलेले उद्दिष्ट हुकत राहिले. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात केम्पर येथील वीजकेंद्रात तर सुमारे ७५० कोटी डॉलर खर्चून २०१७ मध्ये कोळशावर चालून कार्बन पकडण्याचा भाग गुंडाळावा लागला. आपल्याकडे वीजकेंद्रांच्या धुरातला गंधक काढण्याचे नियम २०१५ मध्ये झाले, त्यांची मुदत वारंवार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच मिळाली. ज्या धुराड्यांचा गंधकही दहा वर्षांत काढून झाला नाही, त्यांचा कार्बन उद्या पकडला जाईल असे सांगणाऱ्याने आधी या मधल्या पायरीविषयी बोलावे.

विजेसाठी दुसरे मार्ग उपलब्ध आहेत, हा माझा मुख्य आक्षेप आहे. आपल्याच परिसरात चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारांवर गेली पंचवीसेक वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत, दुष्काळी पूर्वभागात उन्हाला तोटा नाही, आणि दिवस मावळल्यावर मागणी चढते तेव्हा उपयोगी पडणारी १९६० मेगावॅटची कोयना उशालाच आहे. कोळशाच्या धुराड्याला अमाइनचा मनोरा जोडण्याचा पैसा जर साठवणुकीच्या जलविद्युत प्रकल्पांत, बॅटऱ्यांत आणि वहन-वाहिन्यांत घातला तर तोच कार्बन मुळात तयारच होणार नाही. न निघालेल्या धुराला पेव लागत नाही.

मग या तंत्राला जागाच नाही का? आहे, आणि ती ठामपणे सांगायला हवी, कारण नुसता विरोध करणारेही अर्धीच गोष्ट सांगतात. सिमेंटचे उदाहरण घ्या. चुनखडी भाजून चुना करताना १०० किलो चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कर्बवायू दगडातूनच सुटतो. भट्टी कोळशाऐवजी सौर विजेवर तापवली तरी ते ४४ किलो सुटणारच. तिथे पकडून गाडण्याला आज तरी मोठा पर्याय नाही. नॉर्वेतल्या ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन पकडण्याची यंत्रणा सुरू झाली. तो वायू द्रवरूपात जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर जातो आणि तिथून नळाने समुद्रतळाखाली सुमारे २६०० मीटरवर सोडला जातो. खर्च अफाट आहे, आणि सरकारने मोठा वाटा उचलला नसता तर तो प्रकल्प झाला नसता. पण दिशा बरोबर आहे.

दुसरी जागा माझ्या ओळखीची. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या डिस्टिलरीला ज्यांनी भेट दिली असेल त्यांनी फर्मेंटर पाहिला असेल. मळी पातळ करून त्यात यीस्ट सोडले की काही तासांत टाकी खदखदू लागते. तापमान जेमतेम ३२-३३ अंश, पण पाहणाऱ्याला वाटावे की खाली जाळ लावला आहे. ती खदखद म्हणजे कर्बवायूचे बुडबुडे. साखरेच्या १८० भागांतून ९२ भाग अल्कोहोल आणि ८८ भाग कर्बवायू होतो, म्हणजे वजनाने जवळजवळ निम्मा माल हवेत जातो. हिशेब केला तर एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो कर्बवायू पडतो, आणि दिवसाला १ लाख लिटर क्षमतेच्या डिस्टिलरीतून रोज सुमारे ७५ टन. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे, मूळ २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले; तेव्हा हा वायू राज्यात किती निघत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

या वायूची खासियत अशी की तो जवळजवळ शुद्ध निघतो. त्यात थोडी वाफ, थोडे अल्कोहोल, बाकी सगळा कर्बवायूच. अमाइनचे मनोरे नकोत, १२० अंशांची वाफ नको. पाण्याने धुऊन, सुकवून दाबला की झाले. दाबायला टनामागे शंभर-सव्वाशे युनिट वीज पुरते, आणि बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची, सहवीज कारखान्याकडे असतेच. शिवाय हा कार्बन उसाने गेल्या वर्षी हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे तो गाडला तर हवेतला कार्बन खरोखर कमी होतो. कोळशाच्या बाबतीत फार तर वाढायचा थांबतो. (उसाला लागणारे पाणी, खत आणि ट्रॅक्टरचे डिझेल या जमेतून वजा करायचे आहे, हे इथेच सांगून ठेवतो. हा वायू गाडायचा म्हणून माणदेशात आणखी ऊस लावा, असे उद्या कोणी म्हणू नये.)

याच वायूने आमच्याकडे एका माणसाचा जीव घेत घेत सोडला. मी नोकरीला लागून तिसरे-चौथे वर्ष असेल. रिकामा केलेला फर्मेंटर धुण्यासाठी मॅनहोल उघडला होता. पाण्याच्या नळीचा पितळी नोझल एका कामगाराच्या हातून आत पडला, तो काढायला तो शिडीने उतरू लागला आणि पाचव्या-सहाव्या पायरीवर मुकाट्याने खाली बसला. ओरडला नाही, धडपडला नाही. वर उभ्या असलेल्या सोबत्याला वाटले, हा नोझल शोधतो आहे. फोरमनच्या ध्यानात आले तेव्हा त्याने आधी कॉम्प्रेसरच्या हवेची नळी आत सोडली, मग कमरेला दोर बांधून, श्वास रोखून एकजण उतरला आणि त्याला वर काढले. तो वाचला, पंधरा दिवसांनी कामावरही आला. टाकीत उतरण्यापूर्वी ब्लोअर लावायचा नियम भिंतीवर लिहिलेला होता. ब्लोअर दुरुस्तीला गेलेला होता. कर्बवायू हवेपेक्षा दीडपट जड, त्याला रंग नाही, आणि तो खोलगट जागी साचतो, हे पुस्तकात वाचलेले मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले.

म्हणून नळाने वायू नेण्याच्या योजना वाचताना मला साताऱ्याशी नावाने जवळीक असलेले सटार्शिया आठवते. मिसिसिपी राज्यातल्या त्या खेड्याजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये अतिवृष्टीने जमीन खचून कर्बवायूचा नळ फुटला. वायू जमिनीलगत पसरत गेला, मोटारींची इंजिने हवेअभावी बंद पडली, दोनशेहून अधिक लोकांना हलवावे लागले आणि पंचेचाळीसजणांना रुग्णालयात न्यावे लागले. पाटण-जावळीच्या उतारांवर पावसाळ्यात दरडी कशा येतात हे आपण जाणतो. वायू जिथे निघतो तिथेच, कारखान्याच्या आवाराजवळच तो खाली सोडता येत असेल तर लांबचा नळ टाकू नये, एवढे मला यातून कळते.

तिथेच सोडता येईल का, हा प्रश्न आपल्या पायाखालच्या दगडाचा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिकेटर येथे इथेनॉल कारखान्याचाच वायू २०११ ते २०१४ या काळात दहा लाख टन इतका, सुमारे २१०० मीटर खोल वालुकाश्मात साठवला गेला. पुढे तिथे काम वाढवल्यावर एका निरीक्षण-विहिरीतून गळती झाल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि वायू सोडणे थांबवावे लागले. म्हणजे डिस्टिलरीचा वायू गाडता येतो हेही तिथे सिद्ध झाले, आणि पेवाचे तोंड लिंपताना कसर राहिली तर काय होते हेही. आपल्याकडे मात्र वालुकाश्म नाही, काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. या बेसाल्टमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी कर्बवायूची पाण्यात गाठ पडली की त्याचे कार्बोनेट, म्हणजे दगडच होतो. आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी येथे २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून सोडलेला कर्बवायू दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तर अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील वालुला येथे २०१३ मध्ये जवळपास हजार टन वायू पाण्याशिवाय, दाबून दाट केलेल्या अवस्थेत बेसाल्टमध्ये सोडला गेला आणि नंतर काढलेल्या दगडाच्या नमुन्यांत कार्बोनेटच्या गाठी सापडल्या. दगड झालेला वायू फुटत नाही, गळत नाही आणि त्याला पहारा लागत नाही.

हे वाचून कोणी ‘दख्खनचे पठार म्हणजे फुकटचे कोठार’ असे लिहू लागले की मी सावध होतो. आइसलँडच्या पद्धतीला एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. वर सांगितलेल्या एकाच डिस्टिलरीच्या रोजच्या ७५ टनांसाठी ते होते पावणेएकोणीस लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १८७ टँकर, दररोज. जत-आटपाडी-माण-खटावच्या लोकांपुढे हा आकडा ठेवण्याचे धाडस कोणी करणार नाही. पाण्याशिवायच्या पद्धतीत पाणी वाचते, पण वायू दाट अवस्थेत राहण्यासाठी साधारण ८०० मीटरहून खोल जावे लागते, आणि वरचा थर न झिरपणारा हवा. आपल्या लाव्हाच्या थरांतल्या ज्या पोकळ्या वायूला जागा देणार, त्या पुष्कळ ठिकाणी झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी आधीच भरलेल्या आहेत. विहीर खणणाऱ्याला मांजऱ्या खडकात ज्या पांढऱ्या गारा लागतात त्या याच. शिवाय थराची जाडी सगळीकडे सारखी नाही. कोयना भागात बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाड आढळला, तर पूर्वेला किल्लारीच्या विवरात तो ३३८ मीटरवरच संपला. कऱ्हाडला जे चालेल ते जतला चालेलच असे नाही.

आणि कोयनेचे नाव निघाल्यावर ११ डिसेंबर १९६७ ची पहाट टाळता येत नाही. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, आणि धरणाच्या जलाशयाशी त्याचा संबंध जगभरच्या अभ्यासकांनी जोडला. जमिनीत खोलवर द्रव दाबल्याने भूकंप होऊ शकतात हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमाने अलीकडेच दाखवले आहे. तिथे तेलविहिरींचे सांडपाणी खाली दाबत गेल्यावर २०१६ मध्ये ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. म्हणून कोयना-वारणा पट्ट्याच्या आसपास वायू दाबायचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण याच कोयनेमुळे आपल्याला एक गोष्ट लाभली आहे. भूकंपाचा उगम समजावा म्हणून केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली आणि २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे विवर पूर्ण केले. बेसाल्टच्या आरपार जाऊन खालच्या ग्रॅनाइटपर्यंतचा दगड, त्यातल्या भेगा, तापमान, ताण यांची मोजमापे त्यातून हाती आली. भूकंपासाठी गोळा केलेली ही माहिती आपल्या पेवाच्या मातीची परीक्षाही आहे, आणि ती कुठे वायू सोडू नये हे सांगण्यासाठी आधी उपयोगी पडेल.

पैशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत कारखान्यातून पकडून गाडलेल्या प्रत्येक टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत मिळते, नॉर्वेत न गाडल्यास कर पडतो. आपल्याकडे २०२३ मध्ये कार्बन पत-व्यापाराची योजना अधिसूचित झाली, पण उसाचे बिल वेळेवर देताना दमछाक होणारा कारखाना कोणत्याही ठरलेल्या दराशिवाय स्वतःच्या खिशातून भोक पाडणार नाही, आणि पाडू नये. तो बोजा शेवटी एफआरपीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या उसाच्या दरावर, येतो.

त्यामुळे कोणत्याही मोठ्या घोषणेपूर्वी माझी मागणी अगदी लहान आहे. फर्मेंटरमधून निघणारा वायू आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोजलाच जात नाही. इथेनॉलच्या उत्पादनावरून तो कागदावर काढतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या चार-पाच डिस्टिलऱ्या निवडून वायूच्या नळावर मीटर बसवावेत आणि एक पूर्ण गाळप हंगाम रोजची नोंद घ्यावी: वायू किती, किती शुद्ध, टाकी भरल्यापासून कोणत्या तासाला किती. कऱ्हाडच्या प्रयोगशाळेने त्या चार-पाच ठिकाणांखालच्या दगडाविषयी जे ज्ञात आहे ते मराठीत प्रसिद्ध करावे, आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांपुढे दोन्ही ठेवावेत. आपल्या दैनिकाकडे विनंती एवढीच की ‘इतके टन पकडले’ अशी बातमी पुन्हा आली तर त्यातले विकले किती, पुन्हा हवेत गेले किती आणि जमिनीखाली राहिले किती, हे तीन आकडे वार्ताहराने मागून घ्यावेत. मीटरचा खर्च कारखान्याच्या दुरुस्ती-खात्यातून सहज निघेल. बॉयलर पेटण्याआधी पाइपिंगची कामे होतात, त्यातच तो बसवता येतो.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट,
हरिपूर रस्ता, सांगली